डावं चाक बोलतंय

४ एप्रिल, शनिवार

१५८/९६.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज सकाळी प्रेशर मोजायचं आणि वहीत मांडायचं. मी विचारलं, नुसता आकडा लिहू का? त्या म्हणाल्या, "आकडा लिहा, आणि आदल्या दिवशी मनाला काय लागलं तेही लिहा. तो का चढतो ते मला कळायला नको?" आता मनाला लागायला घरात दुसरं कुणी असावं लागतं. इथे मी, स्टोव्ह आणि पंखा. तिघांत बोलका म्हणाल तर पंखा. पण वही आणलीच आहे तर लिहितो. दाखवायच्या वेळी आकडे वेगळ्या कागदावर उतरवून नेईन.

काल काय लागलं? कंत्राटदाराचा फोन. "काय रे काडी, जिवंत आहेस का?" असं विचारलं. मी म्हटलं, काडी आहे, एवढ्यात विझत नाही. तो म्हणाला, जुन्या गिरणीच्या इंजिनाचा पाया फोडायचाय, वीस तारखेपासून, तीन आठवडे तरी लागतील. मी म्हटलं, "येतो आम्ही."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, 'आम्ही' म्हणालो. त्याने दुरुस्त केलं नाही. मीही केलं नाही.

पैलवानाला जाऊन नऊ तारखेला चार महिने होतील. सव्वीस वर्षं आम्ही दोघांनी एका कॉम्प्रेसरवर दगड आणि काँक्रीट फोडलं. इंजिन, हवेची टाकी, नळ्या माझ्याकडे. चाकं, आस आणि ओढायची जीप त्याच्याकडे. ही वाटणी कधी बोलून झाली नाही, आपोआप झाली. त्यामुळे आज मला चाकांमधलं ओ की ठो कळत नाही, आणि जीप चालवता येत नाही. छप्पन्नाव्या वर्षी हे लिहायलाही लाज वाटते.

५ एप्रिल, रविवार

१५४/९४.

शेडमधून कॉम्प्रेसर बाहेर काढला. एकट्याने हलेना, म्हणून समोरच्या इस्त्रीवाल्याला बोलावलं. त्याने मागून रेटा दिला, मी पुढचा दांडा धरला. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. माझी बाजू ठीक आहे. पण ओढताना डाव्या चाकातून असा आवाज आला, जणू कुणीतरी आत बसून खडे चघळतंय. इस्त्रीवाला म्हणाला, "दादा, हे चाक रस्त्यात निघून पुढे पळेल हो." मी म्हटलं, शुभ बोल नाऱ्या. मग दोघांनी गाडा परत आत ढकलला.

वरून धरून हलवलं तर चाक बोटभर डुलतंय. आतलं बेअरिंग गेलंय. मेकॅनिककडे फोन केला. तो म्हणाला, महिनाअखेरीपर्यंत हात मोकळा नाही.

पैलवान नोव्हेंबरातच म्हणाला होता, "डावं चाक बोलतंय रे." मी म्हणालो होतो, "तू चाकाचं ऐकतोस. माझं कधी ऐकणार?" तेव्हा तो मला फार आळशी वाटायला लागला होता. काँक्रीट फोडायचा ब्रेकर उचलायची वेळ आली की म्हणायचा, तू फोड, मी नळी सांभाळतो. दांड्यावर बसून राहायचा. पाण्याची बाटली रिकामी करायचा. एवढा मोठा गडी, आणि तासातासाला बसतोय.

७ एप्रिल, मंगळवार

१५२/९२. काल मोजायचं विसरलो.

वहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे पैलवानाची बायको. विचारत होत्या, "भाऊजी, गॅसचं रेग्युलेटर कुठल्या बाजूला फिरवलं की बंद होतं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं. मग थोडा वेळ नुसतं फोनमधलं घुंघुं. मग म्हणाल्या, "जेवलात?" मी हो म्हटलं.

ज्या बाईने जन्मभर स्वयंपाक केला तिला रेग्युलेटर माहीत नाही? जीप त्यांच्या अंगणात उभी आहे. विकायची असणार. जीपमध्ये माझाही भाग आहे, तोंडावर कसं विचारायचं, म्हणून आडून चौकशी.

पूर्वी रोज संध्याकाळी मी तिकडेच जेवायचो. पैलवान ताट वाढलं की म्हणायचा, काडीला आधी वाढ, वाऱ्याने उडून जाईल. आता एकट्या बाईच्या घरी रोज जाऊन बसायचं बरं दिसत नाही. आणि त्यांनीही कधी या म्हटलं नाही. कुणी बोलावलं नाही तर कशाला जा? शिवाय दुसरं एक कारण आहे, ते आत्ता लिहीत नाही.

८ एप्रिल, बुधवार

१५०/९४.

स्वतःच करायचं ठरवलं. इंजिन खोलता येतं तर चाक का नाही? दगड लावून गाडा अडवला, जॅक घेतला. शेडच्या भिंतीमुळे डाव्या बाजूला जॅक नीट बसेना, म्हणून आधी सरावाला उजवं चाक उतरवलं. म्हटलं, आत काय काय असतं ते तरी कळेल.

आत सगळं नवं.

टोपण काढलं तर पिन चकचकीत. नट सोडवला, वॉशर काढला, बाहेरचं बेअरिंग हातात आलं, तर त्यावर ग्रीस अजून पिवळं आणि स्वच्छ. चाकासकट मधलं पोलादी हब ओढून काढलं. आतलं बेअरिंगही नवं, मागची रबरी सीलही नवी. एकेका रोलरच्या मागे ग्रीस पोचलेलं. हे काम घाईचं नाही. असं ग्रीस भरावं तर पैलवानानेच, दुसऱ्या कुणाची ती चिकाटी नव्हे. हबच्या आत बोटांचे ठसेसुद्धा उमटलेत. ठसे बारीक दिसतात खरे, आणि त्याची बोटं म्हणजे केळी. ग्रीस आकसत असेल.

पुसलं नाही. होतं तसं परत बसवलं. फक्त पिन नवी घातली.

मग बसून विचार केला आणि डोकं तापलं. म्हणजे याने उजवं चाक गुपचूप केलं, आणि जे बोलतंय असं स्वतःच सांगत होता ते डावं तसंच ठेवलं? अर्धं काम? सव्वीस वर्षांत या माणसाने अर्धं काम टाकलं नव्हतं. शेवटी शेवटी काय झालं होतं त्याला? आणि मला का नाही सांगितलं?

९ एप्रिल, गुरुवार

१६४/९८.

चार महिने झाले.

कटावणीने गाडा भिंतीपासून हातभर सरकवला आणि डावं खोललं. टोपणात ग्रीस नव्हतंच, काळी भुकटी होती. बाहेरचं बेअरिंग हातात आलं ते तुकड्यातुकड्यांत. रोलर निळे पडलेत, इतके तापले असणार. आतल्या बेअरिंगचं कडं आसाला चिकटून बसलंय, हलायचं नाव नाही. डिझेल ओतून ठेवलं.

आज इस्त्रीवाला विचारायला आला, काही मदत हवी का. मी नको म्हटलं. तो गेल्यावर वाटलं, निदान बस म्हणायला हवं होतं.

१० एप्रिल, शुक्रवार

१६०/९६.

वहिनींचा फोन. "जीप आठवड्यातून किती मिनिटं चालू ठेवायची?" मी म्हटलं, मला जीपमधलं काय कळतं वहिनी, ठेवा दहा मिनिटं. मग त्या म्हणाल्या, "काम चालू आहे का काही?" मी म्हटलं, गिरणीचं आहे वीस तारखेपासून. "मग ओढणार कोण?" मी म्हटलं, बघू कुणाचा तरी ट्रॅक्टर. त्या म्हणाल्या, "हं." जेवलात का विचारलं. हो म्हटलं. जेवलो नव्हतो.

जीप विकायचीच आहे. नाहीतर ओढणार कोण असं कशाला विचारतील.

११ एप्रिल, शनिवार

१५६/९४.

कडं निघालं. दोन दिवस लागले. छिन्नीने चीर पाडली, एक बाजू तापवली, मग ठोकलं. निघालं तेव्हा इतका मोठा आवाज झाला की मी स्वतःच दचकलो, आणि "निघालं रे!" असं ओरडलो. कुणाला, ते माहीत नाही.

आसावर एक ओरखडा आहे, पण खोल नाही. पॉलिश पेपर फिरवून गुळगुळीत केला. हबच्या आत बसलेली दोन पोलादी कडीही ठोकून काढली. त्यांच्यात रोलर धावतात, तीही झिजली होती. आता नवा जोड आणायचा.

१३ एप्रिल, सोमवार

१७०/१०० (संध्याकाळी मोजलं. सकाळी बरं होतं, १४८.)

बेअरिंगच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा आहे, सगळे त्याला छर्रेवाले काका म्हणतात. जुनं कडं काउंटरवर ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, कडं डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाले, "हे माप आता कुणी ठेवत नाही. मागवावं लागेल. तीन आठवडे." मी म्हटलं, माझ्याकडे एकच आठवडा आहे. तर म्हणाले, "पण पैलवानांनी दोन जोड नेले होते की! नोव्हेंबरात. दोन्ही चाकांचे. शेवटचेच दोन होते माझ्याकडे."

मी म्हटलं, एकच चाक केलंय त्याने.

काकांनी चष्मा खाली घेतला. मग कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या दिवशी अर्धा तास तिथे बसले होते. घामाने शर्ट भिजलेला. थंडीचे दिवस, आणि घाम. मी रिक्षा बोलावतो म्हटलं तर हात जोडले. म्हणाले, काका, काडीला काही बोलू नका."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"हात जोडले होते हो त्यांनी."

कडं उचलून खिशात घातलं. बाहेर येऊन चालत सुटलो. बसचा थांबा मागे राहिला तेव्हा कळलं.

आता ते दुसरं कारण लिहितो. लिहिलं नाही तर हा आकडा उतरायचा नाही.

सहा डिसेंबर, शनिवार. रस्त्याचं काम होतं. पैलवान दुपारपासून दांड्यावर बसून. मुकादम, गवंडी, पाणी मारणारी बाई, सगळे होते. मी ब्रेकर थांबवला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "नावाचा पैलवान, आणि कामाला कामचुकार. घरी बस जा." तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठला, माझ्या हातातून ब्रेकर घेतला आणि तासभर चालवला. सलग. एकदाही थांबला नाही. मला वाटलं, बरी जिरवली.

सोमवारी आम्ही बोललो नाही. मंगळवारी तो आलाच नाही. आला तो वहिनींचा फोन.

मला तेव्हा माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं असं लिहून काय होतं? तासभर ब्रेकर त्याने माझ्यामुळेच चालवला ना.

१४ एप्रिल, मंगळवार

१६६/९८.

वहिनींकडे जायला निघालो. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी दवाखान्याची पाटी आहे, तिथे उभा राहून पाटी तीनदा वाचली. परत आलो.

१६ एप्रिल, गुरुवार

आज मोजलं नाही.

गेलो. विचार करत बसलो असतो तर वीस तारीख उजाडली असती, म्हणून स्वतःला सांगितलं की बेअरिंग मागायला चाललोय, बाकी काही नाही.

दार उघडायला वेळ लागला. वहिनींनी मला पाहिलं, माझ्या मागे पाहिलं आणि म्हणाल्या, "एकटेच?" मग स्वतःच म्हणाल्या, "काय विचारतेय मी. या."

मी चप्पल काढायच्या आतच बोलून टाकलं. "वहिनी, पैलवानाने बेअरिंगचे दोन जोड आणले होते. एक कुठे असेल?"

"पलंगाखाली आहे. निळ्या पिशवीत."

मला वाटलं होतं शोधाशोध होईल. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीच ठेवलाय. पहिला घालून झाल्यावर..." आणि थांबल्या.

पलंग, भिंतीवरचं घड्याळ, खिडकीतली झाडाची कुंडी, सगळं होतं तिथेच. फक्त पैलवान जेवायला बसायचा ती खुर्ची नव्हती. विचारलं नाही. वहिनी समोर बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बोलल्या. मला आठवेल तसं लिहितो.

"नोव्हेंबरात एका रविवारी तुम्ही तुमच्या ताईंकडे गेला होतात. यांनी मला जीप काढायला लावली. म्हणाले, काडी नाहीये तेवढ्यात दोन्ही चाकं उरकून टाकू."

मी मधेच विचारलं, "जीप तुम्ही चालवता?"

"अकरा वर्षं झाली. तुम्ही कधी विचारलं नाहीत." मग पुढे, "शेडमध्ये गेल्यावर यांनी बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसले. सांगत गेले, मी करत गेले. जॅक मी लावला. चाक उतरवताना इतका राग आला मला, म्हटलं हे काय बायकांचं काम आहे का, तर म्हणाले, चाक विचारतं का, बाई आहे की बाप्या?"

"ग्रीस?"

"मीच. का, कमी पडलं?"

"नाही," मी म्हणालो. "मला वाटलं त्याचा हात आहे."

त्यावर त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"डावं आधी करायचं होतं," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या भिंतीमुळे जॅक बसेना. म्हणून आधी उजवं घेतलं. ते झाल्यावर यांचा चेहरा असा दिसला की मीच म्हटलं, पुरे. डावं पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी यांना उठवलंच नाही."

आजार जूनपासून होता. हृदय निम्म्याच ताकदीने चालतंय, जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. वहिनींना त्याने शपथ घातली, काडीला सांगायचं नाही.

"का पण?" मी विचारलं. आवाज मोठा झाला असावा, कारण त्यांनी हात वर केला.

"मीही भांडले. तर म्हणाले, त्याला कळलं तर तो मला ब्रेकरला हात लावू देणार नाही. सावलीत बसवील आणि दर पंधरा मिनिटांनी विचारील, बरं आहे का रे, पाणी देऊ का रे. त्यापेक्षा मेलेलं बरं."

आम्ही दोघंही हसलो. हुबेहूब तोच बोलल्यासारखं झालं. मग दोघंही एकदम थांबलो.

मी सांगून टाकलं. सहा डिसेंबर, मुकादम, गवंडी, शब्द जसाच्या तसा. आणि तो तासभर.

वहिनी म्हणाल्या, "शब्द ठाऊक आहे मला. त्या संध्याकाळी घरी आले ते हसतच आले. म्हणाले, आज काडी मला चारचौघांत कामचुकार म्हणाला. म्हणजे त्याला काही कळलेलं नाही. मोठी परीक्षा पास झाल्यासारखे सांगत होते."

"आणि तासभर?"

"तासभर ब्रेकर चालवला ते नाही बोलले."

त्या उठून आत गेल्या. नळ सुरू झाला. बराच वेळ चालू होता, भांडं भरून वाहतंय असा आवाज. मी उठावं की बसावं कळेना. वाटलं, आता निघावं, बेअरिंग गेलं खड्ड्यात. तेवढ्यात त्या बाहेर आल्या. तोंड धुतलेलं होतं. हातात निळी पिशवी.

"मला माहीत असून मी गप्प राहिले," त्या म्हणाल्या. "चार महिने मला वाटतंय, हे तुम्हाला कळलं तर तुम्ही या घरात पाऊल टाकणार नाही. आणि तुम्ही तर त्याआधीच टाकायचे थांबलात."

मी म्हटलं, "तुम्ही बोलावलं नाहीत."

"फोन करत होते की."

मी पिशवी घेतली. दारात त्यांनी विचारलं, "आतलं कडं ठोकून बसवता येईल का तुम्हाला?" मी म्हटलं, त्यात काय एवढं.

बरं वाटायला हवं होतं. तो हसत होता, हे मी स्वतःला येताना रस्ताभर सांगितलं. थोडं वाटलंही. पण तो हसत असतानाही त्याची छाती दुखतच असणार.

१७ एप्रिल, शुक्रवार

१५४/९२.

कडं वाकडं बसलं. एका बाजूला गेलं, दुसरी बाजू वर. ठोकून बाहेर काढलं, परत बसवलं, परत वाकडं. हातोडीचा एक घाव अंगठ्यावर. दुसरा जोड कुठेच नाही, हे आठवून हात थांबवला. याला तडा गेला तर गिरणी गेली.

१८ एप्रिल, शनिवार

१५०/९०.

वहिनींना फोन केला. काय विचारायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांनी "हॅलो" म्हटल्यावर मी म्हणालो, "कडं वाकडं जातंय." त्या म्हणाल्या, "आलेच."

अर्ध्या तासात जीप दारात. जुनी साडी, वर पैलवानाचा खाकी शर्ट, बाह्या दुमडलेल्या. इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून बघत राहिला. कुणाची तरी पँट जळाली असेल.

त्यांनी हब उलटंपालटं करून पाहिलं. "जुनं कडं टाकलंत?" मी डब्यातून काढून दिलं. त्यांनी त्याची बाहेरची कड कानशीने जरा घासायला लावली, म्हणजे ते आत अडकणार नाही. मग नव्या कड्यावर ते जुनं उलटं ठेवलं. "आता यावर ठोका. एकाच जागी नको, घड्याळाच्या काट्यासारखं फिरत फिरत. बारा, सहा, तीन, नऊ." ठोकलं. आवाज आधी पोकळ येत होता, मग एकदम भरीव झाला. "बसलं," त्या म्हणाल्या. मला आवाजातला फरक कळला याचाच मला आनंद झाला.

ग्रीस त्यांनी भरलं. तळव्यावर गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहायची, रोलरांच्या फटींतून पलीकडे ग्रीस डोकावेपर्यंत. मी दुसरं भरायला घेतलं. माझं पाहून म्हणाल्या, "अजून. कंजुषी नको."

नट मी आवळला. चाक हाताने फिरवत फिरवत आवळायचा, मग पूर्ण सैल करायचा, आणि शेवटी नुसत्या बोटांनी टेकवायचा. मी परत पाना घ्यायला गेलो तर त्या म्हणाल्या, "पाना ठेवा खाली. फार आवळलं की तापतं." पिन घातली, टोकं वाकवली. चाक वर-खाली धरून हलवलं. डुलत नाही. फिरवलं. आवाज नाही. दोघंही कान लावून ऐकत होतो, काहीच ऐकू येत नव्हतं.

आम्ही चहा घेतला. मी केला. साखर विसरलो. त्यांनी सांगितलं नाही, मला पिताना कळलं.

१९ एप्रिल, रविवार

१४६/९०.

कॉम्प्रेसर जोडून दहा किलोमीटर जाऊन पाहिलं. वहिनी गाडी चांगली चालवतात. पैलवान वळणावर उगाच घाई करायचा, त्या करत नाहीत. मी पूर्ण वेळ मागे वळून चाकाकडे बघत होतो, शेवटी मान धरली.

वजनकाट्यापाशी थांबवलं. मी उतरून डाव्या हबला हात लावला. तापायला लागलं असतं तर पोळला असता.

"कोमट," मी म्हणालो.

त्या पलीकडून उजव्या बाजूला वाकल्या होत्या. "इकडचंही कोमटच." पण हात काढेनात. मागून एक ट्रक हॉर्न देत गेला, धूळ उडाली. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो. चार टायर हातांनी दाबून पाहिले. कॉम्प्रेसरला दोनच चाकं, बाकीची दोन जीपची.

येताना त्या एकच वाक्य बोलल्या. "लेक म्हणते, तिच्याकडे राहायला ये." मी विचारलं, मग? त्या म्हणाल्या, "बघू." मीही बघू म्हटलं. माझा त्यात काय संबंध, तरी म्हटलं.

२० एप्रिल, सोमवार

सकाळी घाईत मोजलं नाही.

साडेसातला गिरणीवर पोचलो. कंत्राटदाराने जीपमध्ये वहिनींना पाहिलं आणि नमस्कार केला, मग मला बाजूला घेऊन विचारलं, "दुसरा ब्रेकर कोण चालवणार?" मी म्हटलं, एकच चालेल. कॉम्प्रेसरला हवेचे दोन नळ. एकाला नळी जोडली, दुसऱ्यावर बूच बसवलं. एवढी वर्षं ते बूच हत्यारांच्या पेटीत नुसतं पडून होतं, मातीने भरलेलं. फडक्याने पुसून मग बसवलं.

पाया जुना, काँक्रीट कडक. पहिल्या तासाला टवकेच निघत होते. ब्रेकर थांबवला की फार शांत वाटायचं. पूर्वी माझा थांबला की त्याचा चालू असायचा. दोनदा मी मान वळवून काहीतरी बोललो, आणि मागे भिंत. तिसऱ्यांदा वळलो नाही. अकराच्या सुमाराला एक मोठी चीर गेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग काम सरकायला लागलं.

जेवायच्या सुट्टीत हात धुवायला फाटकाशी गेलो तर जीप तिथेच. मला वाटलं होतं, वहिनी केव्हाच गेल्या. त्या आत बसल्या होत्या, काच खाली, कानांत कापूस.

"तुम्ही गेला नाहीत?"

त्यांनी कापूस काढला. "इतक्या वर्षांत यांचं काम कधी पाहिलंच नव्हतं मी. घरी यायचे ते आंघोळीला पळायचे. एवढा आवाज असतो?"

"हा निम्माच आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मागच्या सीटवर डबा होता, दोन खणांचा. आम्ही जीपच्या सावलीत बसून जेवलो. माझे हात थरथरत होते. ब्रेकर चालवल्यावर थरथरतातच, म्हणून मी भांडं दोन्ही हातांनी धरलं. त्यांनी पाहिलं, पण बरं आहे का, पाणी देऊ का, असं काही विचारलं नाही.

कॉम्प्रेसर आता तीन आठवडे गिरणीतच राहणार. ओढायला काही नाही, आणि तिथपर्यंत बस जाते. उतरताना मी वहिनींना तसं सांगितलं, उगाच त्यांना त्रास नको म्हणून.

त्यांनी ते ऐकलं. गाडी चालूच ठेवली होती.

"उद्या किती वाजता?" त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "सातला."